दाजींची सायकल रेडीपर्यंत

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. नोकरी लागली तेव्हा त्यांनी काळी, दांडीची, बिनगिअरची सायकल घेतली. बजाजनगरातल्या घरापासून कारखान्यापर्यंत निवृत्तीच्या दिवसापर्यंत तीच वापरली. मधल्या काळात घरात मोटारसायकल आली, नंतर मुलांची स्कूटर आली. ड्युटीला मात्र ते सायकलवरच जात.

त्यांची एक सवय गल्लीत चेष्टेचा विषय होती. घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर आले की ते खाली उतरत आणि दारापर्यंत सायकल हाताने ढकलत आणत. रस्ता मोकळा असला तरीही. समोरच्या काकू विचारत, "दमलं कोण, तुमी का सायकल?" दाजी म्हणत, "दोघंबी." पुढे आक्का पन्नाशीच्या उंबरठ्यावर सायकल शिकली, बजाजनगरच्या मोकळ्या प्लॉटवर, पंजाबी ड्रेस घालून, याच दांडीच्या सायकलवर. तीही कोपऱ्यावर उतरू लागली. का, हे तिने विचारले नव्हते. सायकल घरी अशीच आणतात, असे ती धरून चालली होती.

दाजी मूळचे पिशोरचे. समुद्र त्यांनी लग्नानंतर एकदाच पाहिला होता. कारखान्याच्या कँटीनमध्ये शेजारी बसणारा कोकणातला एक जण त्यांना सांगायचा की रेवसपासून रेडीपर्यंत, म्हणजे मुंबईच्या खालून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत, किनाऱ्याने सायकलवर जाता येते; मध्ये खाड्या लागतात, तिथे होडी मिळते. निवृत्त झाल्यावर जायचे असे दाजींनी ठरवले. ते निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांचा गुडघा बदलावा लागला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, सायकलला नाही.

एका दिवाळीत जेवताना आक्का म्हणाली, "तुमी नाय तर नाय. सायकल तरी जाऊन येईल."

दाजी जेवायचे थांबले. "कोन नेणार?"

"मी. हा येतोय सोबत." हा म्हणजे मी. मला तोवर विचारलेले नव्हते.

दाजींनी दोन अटी घातल्या. चढाला खुशाल उतरायचे, पण रेवस सोडले की सायकल कुठल्याही गाडीत घालायची नाही. होडी चालेल, कारण तिथे रस्ताच नाही. दुसरी अट त्यांनी जरा थांबून सांगितली. "शेवटी हद्दीच्या पाटीला बसून पोच. चालवत. मला फोनवर बघायचंय."

आक्का "व्हय" म्हणाली. आमच्या घरात ती सहसा एवढेच बोलते आणि मग ते होते.

निघण्याआधी सायकल शहागंजातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने ती पूर्ण खोलली, बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या, ग्रीस भरले आणि आक्काला म्हणाला, "आपा, ये गाडी आपसे जादा चलेगी. बस, खारा पानी मत दिखाना इसको."

"भाई, समुद्रालाच चाललोय आमी."

"तो दूर से दिखाव," तो म्हणाला.

हिवाळ्यात आम्ही सायकली टेम्पोतून रेवसला नेल्या आणि तिथून दक्षिणेकडे निघालो. माझ्याकडे गिअरची सायकल होती. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला रजा मिळणे कठीण असते, ती मिळाली. बाकी माझे काम सोबत करणे आणि फोन धरणे एवढेच होते.

कोकणातला किनाऱ्याचा रस्ता किनाऱ्याने जात नाही. तो एका खाडीपाशी उतरतो, होडीने पलीकडे जातो, डोंगर चढतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. बिनगिअरच्या सायकलवर प्रत्येक चढ पायी चढावा लागतो. आक्का उतरायची, उजवा हात सीटवर आणि डावा हँडलवर ठेवून चालायची. माथ्यावर आली की पाणी प्यायची, पदराच्या सवयीने ओढणी कमरेला खोचायची आणि पुन्हा बसायची. तिने कुठल्याही चढाला नावे ठेवली नाहीत. मी ठेवली. दाभोळच्या होडीवर एक गृहस्थ तिला म्हणाले, "ताई, या वयात?" ती म्हणाली, "अहो, आधी येळच नव्हता."

संध्याकाळी मुक्कामाचे गाव आले की फाट्यावर उतरून ती सायकल ढकलत राहायच्या घरापर्यंत नेई. मग जुन्या बनियनच्या तुकड्याने रिम पुसायची, चेनला तेल द्यायची आणि तेवढे झाल्यावर स्वतःचे हातपाय धुवायची. त्यानंतर दाजींचा फोन यायचा.

"चेन कशीय?"

"चांगलीय."

"मागचा ब्रेक?"

"लागतोय. अन् मी बी हाय इथं."

"तू दिसतेस मला. ती दिसत नाय," दाजी म्हणायचे. मग फोन सायकलसमोर धरावा लागे.

आचऱ्याच्या पुढे एका किनाऱ्यावर आम्ही दुपारी पोचलो. ओहोटी होती. पाणी लांब गेले होते आणि मागे राहिलेली ओली वाळू डांबरी रस्त्याइतकी टणक होती. आक्का त्या वाळूवर सायकल चालवत पाण्यापर्यंत गेली. मी तिला इतक्या जोरात चालवताना आधी पाहिले नव्हते. पाण्याच्या कडेला सपाट जागा पाहून तिने सायकल स्टँडवर लावली, हाताने हलवून पाहिली आणि आम्ही वर माडांखालच्या खानावळीत जेवायला गेलो. माझ्या सायकलला स्टँड नव्हता, म्हणून ती वर सुरूच्या झाडाला टेकवलेली होती. जेवण झाल्यावर सुरूच्या सावलीत दोघांनाही डुलकी लागली.

जाग आली ती मासे वाळत घालणाऱ्या एका बाईच्या हाकेने. "अगो, ती सायकल कोणाची? पाणी चढताहा!"

सायकल आडवी झाली होती. हँडलचे एक टोक पाण्याबाहेर होते. लाट आली की तेही दिसत नव्हते. आम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन ती ओढत बाहेर काढली. चेनच्या डब्यातून वाळू गळत होती.

त्या बाईला हे समजेना. तिने आक्काला विचारले, "पाण्यात कित्याक ठेवलंस?"

"पाण्यात नाय ठेवली. पाणी लांब होतं."

"मगे परत येतला ना ता!"

"आमच्याकडं नाय येत," आक्का म्हणाली.

ते खरे होते. आमची शेती बिडकीनच्या पुढे, पैठणच्या धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. हिवाळ्यापासून पाणी मागे सरकू लागते आणि जमीन उघडी पडते. त्या गाळावर लोक हरभरा घेतात, टरबुजाचे वेल लावतात. लहानपणी आम्ही त्या कडेला कपडे, डबे, चपला ठेवून पोहायला जायचो. गेलेले पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नसे. त्या काठावर वाढलेल्या माणसाच्या डोळ्याला मागे गेलेले पाणी म्हणजे मोकळी झालेली जमीन दिसते. समुद्राला भरती येते हे आक्काला शाळेपासून माहीत होते. सायकल लावताना तिने ते पाहिले नाही, धरणाचा काठ पाहिला.

आक्काने हे सगळे त्या बाईला सांगितले. बाई कमरेवर हात ठेवून हसली आणि खळ्यातल्या दुसऱ्या बायकांना हाक मारून म्हणाली, "आयकलास? हे पाण्यात चणे पेरतत!" मग तिनेच विहिरीवर नेले. गोड्या पाण्याच्या बादल्या ओतून सायकल धुतली. तिचा नवरा होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले डिझेल घेऊन आला आणि चेन, गोळ्या, जिथे जाईल तिथे ते सोडले. सायकल चालू लागली. मागच्या चाकातून थोडा करकर आवाज येत होता.

संध्याकाळी फोन आला तेव्हा आक्काने चेनचे विचारायच्या आधीच सगळे सांगून टाकले.

"बुडाली म्हंजे पुरी?"

"पुरी."

"धरणाच्या पाण्यावर वाढलीस अन् समुद्रानं फसवली व्हय," दाजी म्हणाले. "पैठणवाल्यांना पाण्याचं कळतं म्हणं! आमी पिशोरचे बरे. आमच्याकडं पाणीच नाय." मग म्हणाले, "मागच्या चाकात तेल सोडत जा. फ्रीव्हील सांभाळ. तेच जातं आधी."

तेच गेले. मालवण आणि वेंगुर्ला मागे टाकून शिरोड्याच्या पुढे आलो, त्या शेवटच्या सकाळी. फ्रीव्हील म्हणजे पेडल मारले की मागचे चाक पकडून फिरवणारा भाग. मिठाने त्याचे खटके आत चिकटून बसले आणि पेडल नुसते गरागरा फिरू लागले. चाक ढकलले तर फिरत होते, पेडल मारून नाही. आक्का रस्त्याच्या कडेला उभी राहून हाताने पेडल फिरवत राहिली. दोनदा डिझेल सोडले, दगडाने हलके ठोकून पाहिले. काही झाले नाही.

मासळीचा बर्फ पोचवून परतणारा एक टेम्पो थांबला. चालक म्हणाला, "मागे टाका सायकल. सावंतवाडीक सोडतंय, थय दुकान असा. नवीन फ्रीव्हील घालून संध्याकाळपर्यंत परत येशात."

त्याचे म्हणणे बरोबर होते. मीही तेच सुचवणार होतो.

"नको दादा," आक्का म्हणाली. "हिला गाडीत बसायची सवय नाय."

टेम्पो गेला. मी म्हणालो, "आक्का, माझी सायकल घे. मी ही ढकलतो. तू पाटीला बसून पोच."

"तुझी पोचंल. त्यांची कशी पोचली म्हणायची?"

"मग ओढणी बांधून ओढतो माझ्या सायकलनं. तू वर बस."

"सायकलय ती. मेलेलं ढोर नाय."

ती चालू लागली. रेडीपर्यंत रस्ता चढ-उताराचा होता. उतार आला की ती बसायची, ब्रेकवर हात ठेवून खाली यायची आणि सायकल थांबली की उतरायची. उतारावर ती अगदी नेहमीसारखी दिसत होती. रेडी गावातून पुढे चढ लागला. तो तसाही तिने पायीच चढला असता. माथ्यावर मात्र जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे पठार, लागला, सपाट, आणि त्यावरून सरळ रस्ता. हद्दीची पाटी लांबूनच दिसत होती. हाच तो भाग होता जो दाजींना पाहायचा होता.

आक्का थांबली. तिने सीटवरून एक पाय पलीकडे टाकला, पेडल दाबले. ते गरकन फिरले. ती खाली उतरली.

"फोन नको लावू," ती म्हणाली.

"ते वाट बघत असतील."

"म्हणूनच म्हणते. एवढंच मागितलं होतं त्यांनी. चढाला उतरले त्याचं काय नाय. हितं सपाट हाय. आजपर्यंत वाटेत सपाटाला मी कधी उतरले नव्हते." ती रडली नाही. हँडलवरचा हात मात्र तिने काढला नव्हता.

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. दाजी घरी पलंगावर बसले होते, मागे भिंत दिसत होती. मी कॅमेरा आक्काकडे वळवला आणि काय झाले ते बातमीत सांगावे तसे सांगितले: फ्रीव्हील गेले, टेम्पो नाकारला, पाटी समोर आहे, सायकल ढकलत आहे.

दाजींनी विचारले, "गाडीत कुठं घातली का?"

"नाय," आक्का लांबूनच म्हणाली. "पर बसून नाय पोचत, ओ. चुकलंच माझं. धरण समजून लावली."

"थांब. बोलू नको. चाल," दाजी म्हणाले. "पाव्हणं, फोन खाली धरा. चाकं दिसू द्या."

मी फोन खाली धरला. ती चालू लागली. टायरचा आणि मागच्या चाकाच्या करकरीचा आवाज येत होता. मग दाजी बोलले.

"अगं, गेटाच्या आत कोन बसून जातं?"

आक्काला कळले नाही. मलाही नाही.

"कंपनीच्या गेटावर उतरायचंच असतं. नियमच हाय. बसून आत गेला की सिक्युरिटीवाला शिट्टी मारतो, नाव लिवून घेतो. मग तिथनं स्टँडपर्यंत ढकलत न्यायची. मी रोज तशीच नेली. सगळी नोकरी. ही सायकल कामावर कधीच बसून पोचली नाय." मग म्हणाले, "ती सवय लागली म्हणून घरी बी तसाच यायचो. मीच इसरलो होतो बघ. बसून पोच म्हणालो, ते माझंच चुकीचं होतं."

आक्का चालता चालता हसली. "मंग मला का नाय सांगितलं कधी? मी समजत होते, सायकल अशीच घरी आणतात."

"अशीच आणतात," दाजी म्हणाले.

आम्ही पाटीपाशी पोचलो. तिथे सोहळा करण्यासारखे काही नव्हते. एक पाटी, वाळलेले गवत, खाली डाव्या-उजव्या बाजूला वळणारा रस्ता आणि उजवीकडे बरेच खाली समुद्र. आक्काने सायकलची मूठ पाटीच्या खांबाला टेकवली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. किनाऱ्याच्या एवढ्या लांबीभर ती सायकल तिने आपल्या पायांवर आणली होती, आणि त्याबद्दल तिने तेव्हा किंवा नंतर कुणालाही काही सांगितलेले मी ऐकले नाही. बजाजनगरात कुणी विचारले तर ती म्हणते, सायकल रेडीला जाऊन आली.

फोनमधून आवाज आला, "आता स्टँडला लाव."

तिने स्टँड खाली केला, सायकल त्यावर उचलली आणि लगेच पुन्हा हातात धरली. मग ती रस्त्याच्या कडेला गेली, वाकून खाली समुद्र कुठवर आहे ते नीट पाहिले आणि मला विचारले, "हितवर नाय ना येत?"