गोड न बोलणाऱ्या शांताबाई

शांताबाई गेल्याचं मला सौंसरच्या बसस्टँडवर कळलं. पांढुर्ण्याच्या बसमधून त्यांचा मुलगा उतरला आणि म्हणाला, "ताई, माय गेली." मी नुसतं "अरे..." म्हणाले.

त्र्याऐंशी साली मी कॉलेजसाठी नागपूरला गेले. खोली मिळाली नाही तर परत यायचं, असं बाबांनी बजावलं होतं. एका घरी मालकीणबाईंनी सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध; आडनावावरून ते कळतं. "अगं, आजच कोणाला तरी शब्द दिला बघ," त्या हसून म्हणाल्या आणि दारापर्यंत सोडायलाही आल्या. इतकं गोड बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही.

मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या शांताबाई अंगणात विकायचे पापड वाळत घालत होत्या.

"काय वं, भेटली खोली?"

"नाही. दुसऱ्या कोणाला दिली."

"कोनाले? कवाचं कुलूप लटकून राहिलं तिथं! आडनाव सांगतलं असशीन. गाव कोनतं?"

"सौंसर."

"अन् मी बाजूच्या पांढुर्ण्याची. मंग तर भांडनच होईन आपलं. आन सामान माह्या खोलीत."

सकाळी अंगणातल्या नळावर मी बादली भरली. मालकीणबाई "राग नको हं मानू" म्हणाल्या आणि माझ्यादेखत त्यांनी नळ राखेनं घासून धुतला. दुसऱ्या दिवशी मी नळापासून लांबच थांबले. शांताबाई ओरडल्या, "भर पयले!" माझी बादली निघताच त्यांनी आपली घागर न धुतलेल्या नळाखाली लावली आणि तिथंच उभ्यानं त्यातलं पाणी प्यायल्या. मालकीणबाई तेव्हाही हसतच होत्या. "शांताबाई, पुढच्या महिन्यापासून तुमची खोली आम्हालाच लागेल, बरं का."

पलीकडच्या गल्लीत आम्ही टिनाची खोली घेतली. बी.ए. होईपर्यंत मी तिथंच राहिले. केसांवरून, जळत्या दिव्यावरून रोज बोलणी खाल्ली. माझ्यासाठी घर सोडलं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "तिथं पापडाले ऊन भेटत नव्हतं," म्हणायच्या. त्या अंगणात दिवसभर ऊन असे...

पुढे त्या पांढुर्ण्याला मुलाकडे राहायला आल्या. मी जात असे. त्या गेल्यावर, परवाही गेले. सुनेनं जेवायला वाढलं. फार चांगली आहे ती. "ताई, आणखी एक भाकर?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं. तिनं भाकर परत टोपलीत ठेवली.

त्या घरात माझं 'नको' पहिल्यांदाच कोणी ऐकलं.