दोन दारांचा सडा

गंगाक्का दोन दारांचा सडा टाकायची. एक तिचं दार, एक माझं. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं. आधी जी उठेल तिनं दोन्ही दारांपुढं पाणी मारायचं, असं न ठरवता ठरलेलं होतं. मी उशिरा उठले की ती मुद्दाम बादली आपटायची. "ऊठ की सुशे. तुझं दार बी मीच ओलं करू व्हय जलमभर?" आणि करायची तीच.

ती कुरुंदवाडकडची, लिंगायत. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. स्वयंपाक बरा करायची, पण तोंड फार वाईट. एकदा एका टेम्पोवाल्यानं तिच्या पायरीला चाक घासलं आणि वर तिलाच म्हणाला, "म्हातारे, बाजूला सर की." गंगाक्का जागची हलली नाही. "पावणं, ही पायरी माझ्या सासऱ्यानं बसवलीया. ती सरत न्हाय, मीबी सरत न्हाय. तुमीच आईच्या पोटात परत जावा आन् नीट बघाय शिकून या." गल्ली हसली. टेम्पोवालाही हसला आणि तिच्याच दारात चहा पिऊन गेला.

नवरा वारल्यावर तिच्या मुलानं, महेशनं, घर विकलं आणि तिला कॅनडाला नेलं. मुलगा वाईट नाही. म्हातारी इथं एकटी ठेवून त्याला तिकडं झोप लागेना, एवढंच. जाताना ती रडली नाही. "तिकडं बी मानसंच असतील की," म्हणाली.

तिथंही घरं भिंतीला भिंत लावूनच. शेजारी एकटा राहणारा एक म्हातारा. गंगाक्कानं पहिल्या दिवसापासून दोन्ही दारांपुढं पाणी मारायला सुरुवात केली. उन्हाळ्यात ते निभावलं. मग थंडी आली आणि तिनं टाकलेलं पाणी त्याच्या पायरीवर गोठून काच झालं. म्हातारा घसरून कमरेवर पडला. ही धावली. "उठा पावणं, हात द्या." त्यानं हात झटकला आणि बसल्या जागेवरूनच ओरडत सुटला. महेश बाहेर येऊन माफी मागत राहिला.

"काय म्हनला रं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय आई. थंडी लई हाय म्हनला."

"एवढं लांबडं?"

तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. ती हसली नाही.

मग तिनं शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या आणि डबा त्याच्या दारात नेऊन दिला. आपल्याकडं शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिचा डबा भरलेलाच परत आला. झाकणसुद्धा न उघडता त्यानं तो तिच्या पायरीवर ठेवला होता.

त्यानंतर ती दारात दिसली की तो काहीतरी बोलायचा. रस्त्यानं जाणारी पोरंही तिच्या लुगड्याकडं बघून बोलायची. "सुशे," ती मला म्हणाली, "शिवी देतोय एवढं कळतंय. कोनती देतोय ते कळत न्हाय. मग परत काय द्यायची गं?" जन्मात या बाईला असला प्रश्न पडला नव्हता. महेश म्हणाला, आई, तू दारात बसूच नकोस. ती आत बसायला लागली.

एकदा म्हणाली, "मला घिऊन जा की गं."

माझी सून शेजारीच भाजी निवडत होती. घर आता मुलाचं आहे, खोल्या दोन, मी स्वयंपाकघरात झोपते. कुणाला ये म्हणावं असं माझ्या हातात काही नाही. "बघू की," मी म्हणाले. मी काय बघणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

आता ती फोनवर फारशी बोलत नाही. मीच गल्लीतलं काहीबाही सांगते. ठेवताना मात्र ती दर वेळी विचारते, "माझ्या दारात पानी मारतीस न्हवं?"

नव्या मालकांनी तिची पायरी काढून टाकली आणि गुळगुळीत लाद्या बसवल्या. ते राहायला आले त्याच आठवड्यात मी सडा टाकत होते, तर त्यांची सून बाहेर आली. "ओ आजी, हितं पानी टाकू नका. गाडी घसरती आमची. परत सांगाय लावू नका." तिचा शब्द न् शब्द मला कळला. बादली उचलून मी आत आले.

"मारते की," मी गंगाक्काला सांगते. "रोज मारते."