भाकरीत न मावलेला वर्ग

नववीत असताना माझं नकला करायचं येड लई वाढलेलं. डेअरीतले अण्णा, निपाणी बसचा कंडक्टर, हेडमास्तरांचा खोकला, कुणालाच सोडायचो न्हाय. शेवटी गणिताच्या बाई म्हणाल्या, "आता एक जरी आवाज काढलास ना, तर परीक्षेपर्यंत कॉम्प्युटर रूम बंद तुला."

दुसरी कुठली बी शिक्षा चालली असती. वर्गाबाहेर उभं राहायला तर मला आवडायचंच, तिथनं रस्ता दिसतोय. पर कॉम्प्युटर रूम नको. बाईंनी नुकतीच एक वेबसाईट दाखवलेली. चौकोनात आकडे भरायचे, बटण दाबायचं, की आलेख तयार. खांबांचा पाहिजे तर खांबांचा, गोल पाहिजे तर गोल. गोलाला आम्ही भाकरी म्हणायचो. एक आकडा बदलला की खांब टुणकन वर. हे यंत्र बी नकल्याच की! आकडा जसं तोंड करील तसं हे करतंय. घरी आई भाकऱ्या वाढायला लागली की मला आप्पांच्या ताटावर खांब दिसायचा, सगळ्यात उंच. "काय बघतोस रं माझ्या ताटात?" म्हणून आप्पा खेकसायचे.

मग बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं एक प्रश्न वर्गाला विचारायचा आणि त्याचा आलेख काढायचा. कुणी आवडती भाजी विचारली, कुणी क्रिकेट. मी विचारलं, "घरात कुठली भाषा बोलता?"

ह्या प्रश्नावरनं आमच्या सीमाभागात मोठी माणसं भांडत्यात. पर बाई "विचार, नीट विचार," एवढंच म्हणाल्या.

मराठी? सगळ्या वर्गाचे हात वर. कन्नड? परत बहुतेक सगळे. हिंदी? मागचे दोन बाक. मी हात मोजले, आकडे भरले, बटण दाबलं. मस्त रंगीत भाकरी, तीन तुकडे, वर टक्के.

बाईंनी चष्मा वर केला. "मराठीला तर सगळ्यांनी हात वर केला होता. मग इथं निम्मीच कशी? आणि हातांची बेरीज कर बघू. वर्गात पोरं किती, हात किती?"

हात दुपटीपेक्षा थोडेच कमी.

"ही जादा पोरं कुठनं आली?"

"बॉर्डर वलांडून, बाई!" मागनं आवाज आला. माझा न्हवता, शपथ.

मला काय कळंना. आकडे खरे, यंत्र बरोबर, तरी भाकरी खोटी. असं कसं?

बाई म्हणाल्या, "गोलात एक माणूस एकाच तुकड्यात बसतो. म्हणून एकानं एकदाच हात वर करायचा. परत विचार."

परत विचारलं, तर सगळ्यांचे हात अर्ध्यावरच अडकले.

"पर बाई," शेजारच्या बाकावरची म्हणाली, "आक्काशी मराठी बोलतो आम्ही, तिची सासू आली की कन्नड. कुठल्या वेळी हात वर करू?"

"आमच्या म्हशीला बी कन्नडच कळतंय," माझा दोस्त म्हणाला. "मराठीत हाकललं तर नुसती बघत उभी राहती."

"म्हस धरायची न्हाय. एकच भाषा सांगा," बाई म्हणाल्या.

मला आतनं सगळं दिसत होतं, पर सांगायला येईना. मला बोलून सांगता येत न्हाय, करून दाखवता येतंय. आणि करायचं तर रूम गेली. मी माऊसकडं बघितलं. मग सोडला आणि उठलो.

दोस्ताच्या घरची सकाळ करून दाखवली. म्हशीला कन्नडमधनं दम दिला, आईला मराठीत च्या मागितला, डेअरीत अण्णांशी दोन्हीची मिसळ, बसमध्ये "मुंद होग्री, मुंद होग्री!" म्हणत माणसं पुढं ढकलली. वर्ग लोळायला लागला. त्याच झोकात तोंडातनं निघून गेलं, अगदी हळू, फोन कानाला लावल्यागत, "यव्वा, ऊट आतेनु?"

सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. मधल्या सुट्टीत बाई रोज आपल्या आईला फोन करून जेवलीस का विचारायच्या, ते कुणाचं होतं सगळ्यांना कळलं. मी जीभ चावली.

बाईंनी पडद्यावरच्या भाकरीवर बोट ठेवलं. मग मलाच विचारलं, "आईशी कन्नड, घरात लेकीशी मराठी. मग माझा हात कुठं?"

"आणि चिडल्यावर इंग्लिश, बाई!" मागचा परत.

बाईंना बी हसू आलं. "प्रश्नच चुकलाय. घरात कुठली, असं न्हाय. कुणाशी कुठली, असं विचारा. भाकरी पुसा, खांब घ्या. आईचे वेगळे, दुकानातले वेगळे, बसमधले वेगळे. आणि ती म्हस बी घ्या." मग माझ्याकडं वळल्या. "तू आवाज काढलास?"

"व्हय, बाई."

"मग चल बाहेर."

मी गेलो. खिडकीतनं बघितलं, तर माझ्या खुर्चीवर दोस्त. खांब उठत होते. म्हशीच्या पुढं कन्नडचा एकटाच, ताडागत. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, आणि गजातनंच वरडलो, "बाई, झोपेत बडबडतात ती कुठली?"

बाईंनी मान वळवली. "घरी विचारून ये. सगळ्यांचं विचार. उद्या आत बसून भर. आवाज न काढता."

घरी गेल्या गेल्या आईला विचारलं, "मी झोपेत कुठल्या भाषेत बडबडतो गं?"

"भाषा कसली," आई म्हणाली, "हेडमास्तरागत खोकतोस."

ह्याला कुठला खांब?