कडुनिंब पाडायची परवानगी

आमच्या मागच्या अंगणातला कडुनिंब टिनाच्या खोलीवर कलला होता. त्या खोलीत माझी पोरगी आणि आई झोपायच्या. दुसरी खोलीच नव्हती. वारा सुटला की माझा जीव टांगणीला. तरी मी झाडाला हात लावला नाही. आपण कायदा पाळणारी माणसं! झाड घरचं असलं म्हणून काय झालं, महापालिकेच्या साहेबांना विचारायला नको?

विचारलं. साहेब म्हणाले, अर्जाला फोटो जोडा. जोडला. म्हणाले, झाड सरळच दिसतंय, तुमचा फोटो तिरपा आलाय. मग पाहणी ठरली. साहेब अकोल्याच्या भर उन्हात आले, त्याच कडुनिंबाखाली खुर्ची टाकून चहा प्याले आणि म्हणाले, "किती गार वाटून राहिलं न इथं! काहून पाडता?" घ्या!

मग झाडावर नोटीस लागली: कुणाची हरकत असल्यास कळवावे. झाडांना इजा करू नका म्हणणाऱ्या कचेरीनंच ती चांगले लांब खिळे ठोकून लावली. हरकत कुणाचीच नव्हती, पण मुदत संपेपर्यंत थांबणं आलं. मुदत संपली, तर साहेबांची बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, फोटो जोडा.

इकडे आईनं माझा नाद सोडला. एका सकाळी तिनं बुंध्याशी दगड मांडला, त्याला शेंदूर फासला आणि रोज हात जोडून सांगू लागली, "मायबाई, माया नातीवर नको पडू वं." मी हसलो. म्हटलं, "आई, तोंडी अर्ज चालत नाही, पोच घ्यावी लागते."

आली परवानगी, एकदाची! मी बार्शीटाकळीहून झाड तोडणारा बोलावला. त्यानं शेंदूर पाहिला, चप्पल काढली, हात जोडले आणि कुऱ्हाड परत पिशवीत घातली. "मायले मी नाही तोडत, भाऊ."

मी आईवर भडकलो. "उचल तो दगड! सही-शिक्क्याचा कागद आहे माझ्याकडे!"

आई दगडापाशी जाऊन बसली. "तुया साहेबाले तू कवापासून सांगून राहिला. त्यानं आयकलं? हिले म्या सांगतलं. एवढी वारा-वावधनं येऊन गेली, पोरीवर काडी नाही पडू देली हिनं. जिनं आयकलं, तिलेच तोडतं का रे?"

मी दुसरे तोडणारे शोधले. शेंदूर पाहून कुणी कुऱ्हाड लावेना. कागदाची मुदत संपली. पोरगी अजून तिथंच झोपते, आणि वारा सुटला की मी अंगणात जातो, कुणी बघत नाही ना ते पाहतो, आणि म्हणतो, "मायबाई, तेवढं सांभाळ वं."