सोनकीबाईचा ढावलो

सोनकीबाईचं नाव आधी घेते, बाकीचं मग. फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर तिचं घर आमच्या घराला लागून. मी सातवीतून शाळा सोडली, तेव्हा कापूस वेचताना तिनं मला आपल्या मागं घेतलं, गायला शिकवलं. पुढचीचा दम संपायच्या आत सूर उचलायचा, पण तिच्या वर जायचं नाही. पुढं ती लग्न होऊन नेरकडं गेली. तरी मी पुण्याला निघाले तेव्हा माझ्या बापाला मनवायला तीच धावत आली. इथवर मी सगळ्यांना सांगते. पुढचं आजवर कोणालाच नाही.

मी एका बँडमध्ये मागं उभी राहून गाते. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं रॉक, गिटार आणि बँजोवरचं, शब्द मराठी. इंग्रजी मला अजून धड वाचता येत नाही. पण पुढच्या गायकाचा दम कुठं तुटणार, हे त्याच्या पाठीकडं पाहून कळतं. नावाजलेले लोक रेकॉर्डिंगला मलाच बोलावतात. अभिमान आहे मला — का नसावा?

एकदा आमच्या गायकानं विचारलं, तुझं स्वतःचं काही आहे का? मी ढावलो म्हटला. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. चाल म्हाताऱ्या शिकवतात, शब्द जिचे तिचे. आपल्या बापाला, आपल्या भावाला हाक. मी गायले तो सोनकीबाईचा होता. ती निघाली तेव्हा तिला धरून मीच उभी होते ना.

आमची गोरबोली पुण्यात कोणाला कळते? बँडनं ते गाणं माझ्या नावानं काढलं, गाजलं. मुलाखतीत विचारलं — हे तुमच्या लग्नातलं? माझं तर लग्नच झालं नव्हतं. मी हो म्हटलं.

मग यवतमाळला कार्यक्रम झाला. सोनकीबाई एसटीनं आली, पुढं बसली. तिच्या भावाला, फुलसिंगला हाक मारत मी गायले, तिच्यादेखत. नंतर तांड्यावरची एक म्हातारी मंचामागं आली आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत बोलली, "पोरी, तुले तं भाऊच नाही. मंग या फुलसिंगच्या नावानं कायले रडून राह्यली?"

बँडमधले माझ्याकडं पाहायला लागले. मी शेजारी उभ्या सोनकीबाईकडं पाहिलं.

"मानलेला भाऊ हाय तिचा," सोनकीबाई म्हणाली. "राखी बांधते त्याले. तुले काय, काकी, आता रडायलेबी सातबारा लागते?"

सगळे हसले. मीही हसले. फुलसिंगला मी कधी राखी बांधली नाही.

स्टँडवर बसमध्ये चढताना ती एवढंच म्हणाली, "मधली ओळ तू घाईनं घेतली. मले तिथं रडू आवरलं नव्हतं, म्हणून थांबलती मी."

तेव्हापासून मी तिथं थांबते. लोक त्या थांबण्यालाच टाळ्या देतात. आणि गाणं अजून माझ्या नावावर आहे. त्या एका गाण्यालाच मी मंचावर पुढं उभी असते; ती जागा जाईल, ही भीती होती. पण ते काही कारण नव्हे.

सोनकीबाई, एक दिवस माईकपुढं तू असशील, तुझं नाव घेऊन. मी मागं. तुझा दम संपायच्या आत सूर उचलीन — आणि तुझ्या वर जाणार नाही.