समोर सूर्य आणि आमच्या सात सायकली

आमच्या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तोंड रिकामं असतं. त्यामुळं किस्से साठतात. कपाशीच्या सीड प्लॉटवर आम्ही सातजणी जातो. दुपारनंतर एकेक कळी सोलायची, तिच्यावर लाल कागदाची छोटी पुडी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुडी काढून आत नराचं फूल फिरवायचं, म्हणजे बी धरतं. असं दिवसभर चालतं. एका ओळीत मी, शेजारच्या ओळीत शबाना भाभी, पलीकडं निर्मला, आणि सगळ्यांत मोठ्या छबूमावशी जिथं सावली असेल तिथं. एकीनं सांगितलेलं दुसरी वाढवते, तिसरी घरी नेते.

तरी आमचे निम्मे किस्से प्लॉटवरचे नाहीत, रस्त्यावरचे आहेत. गावापासून प्लॉटपर्यंतचा तीर्थपुरीकडचा रस्ता सरळ पूर्वेला जातो. वळण असं एकच, तेही प्लॉटच्या जवळ. सकाळी सात वाजता आम्ही सायकलींवर निघतो तेव्हा सूर्य बरोबर समोर, रस्त्याच्या टोकावर बसलेला असतो. संध्याकाळी परत येतो तेव्हा तो गावाच्या बाजूला उतरलेला, पुन्हा समोरच!

छबूमावशी म्हणतात, "बाई, ह्याची न् आपली ड्युटी एकच हाय."

*

निर्मला अडतिसाव्या वर्षी सायकल शिकली. तिला शिकवताना माझे गुडघे फुटले, तिला काही झालं नाही. पण शिकली ती अशी, की डोक्यावर डबा ठेवून चालवली तरी सांडणार नाही.

आणि नेमकी तीच पडली. सकाळची वेळ होती. मागून ट्रॅक्टर आला आणि अगदी जवळ आल्यावर त्यानं कचकन ब्रेक दाबला. निर्मला घाबरून बाजूच्या चारीत गेली. कोपर खरचटलं, पुढचं चाक वाकडं झालं. ट्रॅक्टरवाला पोरगा बिचारा खाली उडी मारून पळत आला.

"मावशी, खरंच दिसल्या न्हाईत! तुम्ही सूर्यात होत्या!"

निर्मला चारीतूनच ओरडली, "सूर्यात? मी गावात राहती रे, मारुतीच्या मागं!"

आम्ही हसत हसत तिला वर काढलं. हसणं थांबल्यावर मात्र मागं बघितलं. ट्रॅक्टरचं चाक कुठपर्यंत आलं होतं, ते मातीत दिसत होतं.

*

निर्मलाचा नवरा दत्ताभाऊ भाजीपाल्याची पिकअप चालवतो. माणूस वाईट नाही, पण आपल्या ड्रायव्हिंगचा त्याला भारी अभिमान. त्यानं कोपर बघितलं, चाक बघितलं आणि निकाल दिला.

"तुला सायकल चालवता येत न्हाई."

"येते. त्याला मी दिसले न्हाई, ऊन डोळ्यावर होतं त्याच्या."

"एवढ्या लख्ख उन्हात दिसली न्हाई? तू काय मुंगी हायेस? अंधारात दिसत न्हाई म्हणलं असतं तर पटलं असतं. मी वीस वर्षं गाडी चालवून राह्यलो, मला कधी ऊन आडवं आलं न्हाई!"

ते खरंच होतं. तो पहाटे चार वाजता जालन्याकडं निघतो, म्हणजे उलट्या दिशेला, आणि उन्हं चढल्यावर परत येतो. आमच्या रस्त्यावर सकाळी सातला तो कधी आलेलाच नव्हता.

"अजून एकदा पडलीस तर सायकल भंगारात," एवढं बोलून तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी निर्मलानं हे सांगितलं तेव्हा तिचा हात कळीवर थांबला होता. सायकल गेली तर प्लॉट गेला, कारण त्या वेळेला आमच्या रस्त्यावर ना रिक्षा ना एसटी. आणि प्लॉट गेला तर तिच्यासाठी आम्ही सहाजणीही गेलो.

शबाना भाभी म्हणाल्या, "मंग आता पडायचंच न्हाई. बात खतम."

*

पडायचं नाही म्हणजे दिसायचं. पण कसं?

पहिला उपाय शबाना भाभींचा. घरातला हातभर आरसा त्यांनी सायकलीच्या पुढच्या बास्केटला बांधला. आम्ही म्हणालो, भाभी, गाड्या मागून येतात. त्या म्हणाल्या, "समोरून बी येतात. सुरुवात तर करू!"

निघालो. समोरून गावाकडं एक दूधवाला मोटारसायकलवर येत होता, दोन्ही बाजूंना कॅन. आरशावरचा उजेड बरोबर त्याच्या तोंडावर! त्यानं गाडी थांबवली, तोंडावर हात धरला, गर्रकन वळवली आणि आला तसा परत गेला. आम्हाला वाटलं, माणूस भडकला, आता चारजणांना घेऊन येतो.

पाऊण तासानं तो प्लॉटच्या बांधावर आला. डोक्यावर हेल्मेट. हळूच म्हणाला, "ताई, त्या फोटोत माझा नंबर आला का हो?"

त्याला वाटलं होतं, पोलिसांचा कॅमेरा आहे!

भाभींनी आरसा सोडला, कारण उद्या कुणी खरंच आंधळं होऊन कॅनसकट आमच्यावर यायचं. दूधवाल्याला मात्र आम्ही काही सांगितलं नाही. तो अजून हेल्मेट घालतो.

*

मग आला पांढऱ्या पुड्यांचा दिवस.

प्लॉटवर लाल कागद संपला होता. मुकादम शहागडला गेलेले. छबूमावशींनी डोकं चालवलं, नातवाची जुनी वही आणली आणि आम्ही सगळ्यांनी बसून पांढऱ्या पुड्या वळल्या. कळ्या सोलल्या, पुड्या घातल्या, कामाचा खोळंबा झाला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटत घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर पुड्या गायब! कपाशीची फुलं पांढरट पिवळी, पानांवर दव, त्यावर कोवळं ऊन. सगळं शेतच चमकत होतं. सातजणी वाकून वाकून शोधतोय, पुडी समजून फुलं धरतोय. फूल फिरवायची वेळ निघून चालली होती.

मुकादम बांधावरून ओरडले, "अहो बायांनो, लाल कशाला देतो मी? शौक म्हणून? उन्हात पांढरं हरवतं! ज्याला सकाळी सापडायचं असतं त्याला भडकच घालावं लागतं!"

आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. एकमेकींकडं बघितलं. सातही जणींच्या डोक्याला रुमालासारख्या बांधलेल्या पांढऱ्या दस्त्या, अंगात साडीवर घातलेले फिके पांढरे शर्ट.

निर्मला म्हणाली, "मंग मुकादम, आम्हाला कोण पुडी घालणार?"

*

रस्त्यावर माणूसही उन्हात हरवतो, हे मुकादमांना पटलं नाही. म्हणून संध्याकाळी मी त्यांना रस्त्यावर नेऊन उभं केलं, तोंड मावळतीकडं करून. बाकी सहाजणी सायकलींवर पुढं गेल्या. थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "सांगा, किती सायकली दिसतात?"

त्यांनी कपाळावर हात धरला. डोळ्यांतून पाणी आलं. "कधी निघणार हायेत त्या?"

"निघाल्या मुकादम. तुमच्या पुढंच हायेत."

त्यांनी तोंड फिरवून डोळे चोळले. मग म्हणाले, "उद्यापासून सूर्य जरा वर आला की मंगच निघा. फुलं कुठं पळून चालली? अर्धा तास मी सांभाळतो."

त्या दिवशीपासून आमचा नियम झाला. एकामागं एक चालायचं, गप्पा मारत शेजारी शेजारी नाही. आणि सूर्य रस्त्यावर टेकलेला असला की मागं गाडीचा आवाज येताच खाली उतरून कडेला उभं राहायचं.

*

आता कापड. छबूमावशींना घेऊन मी तीर्थपुरीच्या बाजारात गेले आणि लाल कापड मागितलं. दुकानदारानं कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्यानं लाल ठाण दारात नेऊन सूर्यासमोर धरलं. कापड काळं दिसायला लागलं! मग त्यानं आतून एक नारिंगी काढलं, असं चमकणारं की बघून दात आंबावेत. तेही तसंच धरलं. दिसत होतं.

"हेच घ्या. कोणत्या गणेश मंडळाचं हाय ताई?"

"मंडळ न्हाई, सायकलवाल्या हावोत."

"अध्यक्ष कोण?"

छबूमावशी मागून म्हणाल्या, "अध्यक्ष सूर्य. वर्गणी त्याच्याकडंच मागा!"

मी माझ्या मशिनवर सात जाकिटं शिवली. निर्मलाचं जाकीट माझ्याच घरी खुंटीला राहायचं. दत्ताभाऊनं बघितलं तर "सर्कशीत लागलीस का" म्हणेल, ही तिची भीती. ती रोज साध्या कपड्यात माझ्याकडं यायची आणि नारिंगी होऊन निघायची.

*

जाकिटांचा पहिला दिवस. एसटीचा ड्रायव्हर लांबूनच हळू झाला, आमच्या बाजूनं मोठा वळसा घालून गेला. टेम्पोवाले हळू. ट्रॅक्टरवाला तोच पोरगा, तोही हळू, वर हात करून, "मावशी, आज दिसल्या!"

आम्हाला वाटलं, आपला काय मान आहे!

पुढच्या वस्तीवर एक म्हातारे बाबा काठी आपटत रस्त्यावर आले. "आल्या का एकदाच्या! दोन वर्षं झाली अर्ज देऊन. हा खड्डा बघा, हा बघा. डांबर कुठाय?"

ते आम्हाला रस्त्याच्या कामावरच्या बाया समजले होते! मी समजावून सांगितलं. बाबांना ऐकू कमी येत असावं. ते म्हणाले, "बरं बरं, आधी मोजून घ्या."

शबाना भाभी उतरल्या, पावलं टाकून खड्डा मोजला आणि म्हणाल्या, "चार पाऊल. बराबर हाय बाबा."

बाबा इतके खूश झाले की आम्हाला पेरू दिले.

*

आणि आता तो दिवस.

जाकिटं शिवून आठवडा झाला असेल. त्या सकाळी पराग लावायचं काम जास्त होतं, म्हणून आम्ही लवकर निघालो. सूर्य नेमका रस्त्यावर टेकलेला. मागून गाडीचा आवाज आला. नियमाप्रमाणं सातजणी उतरलो, कडेला ओळीनं उभ्या राहिलो. उन्हामुळं सगळ्यांची तोंडं दस्तीनं बांधलेली, फक्त डोळे उघडे.

गाडी हळू होत होत आमच्या शेजारी येऊन थांबली. दत्ताभाऊची पिकअप! त्या दिवशी त्याला जालन्याऐवजी तीर्थपुरीचं भाडं लागलं होतं. निर्मला माझ्या मागं सरकली.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. डोळे लाल, पाणी वाहतंय, एक हात कपाळावर.

"ताई, पुढं काम चालू हाय का? मला काहीच दिसून न्हाई राह्यलं. हे तुमचे कपडे दिसले म्हणून थांबलो, न्हाईतर..." त्यानं कपाळावरचा हात खाली घेतला. "न्हाईतर आज माझ्या हातून काय झालं असतं!"

 निर्मलानं दस्ती आणखी वर ओढली आणि जाड आवाज काढला.

"हौ. काम चालू हाय. हळू जा भाऊ."

"हौ ताई," म्हणून तो निघाला. थेट वळणापर्यंत पहिल्या गिअरमध्ये!

तो दिसेनासा झाल्यावर आम्ही चारीच्या कडेला बसलो. आधी कुणीतरी रडलं, मग सगळ्या इतक्या हसलो की छबूमावशींची कवळी सुटली.

दुसऱ्या दिवशी निर्मला आली ती घरूनच जाकीट घालून, आणि तेही कोरं, पाठीवर चंदेरी पट्टे असलेलं.

"हे कुठलं गं?"

"त्यांनी आणलं. रात्री जेवता जेवता म्हणाले, 'निर्मला, तू म्हणत होतीस ते खरं हाय, उन्हात माणूस दिसत न्हाई. रस्त्यावर कामाच्या बाया होत्या, त्यांच्या अंगात होतं तसं मी तुझ्यासाठी आणलंय. हे घातल्याबिगर सायकल काढू नको.' आणि पुढच्या चाकाला नवं टायर बी टाकलं."

शबाना भाभींनी कपाळाला हात लावला. "मंग सांगितलं का त्यांना, ती तू होतीस म्हणून?"

निर्मलानं पायडलवर पाय ठेवला.

"कशाला? बाईचं ऐकून हळू चालवून राह्यले ना ते!"