येशूची सावड

पोशेऱ्याच्या जिव्याला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. खाली टेकला तरी त्याचा एक पाय उठलेलाच असायचा. त्याची बायको चैती म्हणायची, हा झोपेतसुद्धा कुंपण घालून येतो. हाच पाय पूर्वी त्याला गुत्त्यावर न्यायचा. मोखाड्याला एसटीडीचा पिवळा बूथ आला त्या साली तो प्रार्थनेला जाऊ लागला आणि दारू सुटली. किती दिवस टिकतंय यावर गावाने पैजा लावल्या आणि सगळे हरले. पण सुटली ती दारू. पाय तसाच राहिला.

प्रार्थना व्हायची गावाच्या टोकाला, कुडाच्या झोपडीत. शेजारीच भास्कर पास्तर आणि त्यांची बायको आशालता राहत. मागे रुमालाएवढा भाताचा तुकडा. पास्तर नाशिककडचे, शांत माणूस. त्यांचं प्रवचन ऐकताना म्हाताऱ्यांना छान झोप लागे. एका रविवारी त्यांनी सांगितलं की आपल्या वाट्याचं सगळं येशूने भोगलं, आपल्या जागी तो उभा राहिला. तारण कमवायचं नसतं, हात पुढे करून घ्यायचं असतं. बाकीच्यांना हे ऐकून हलकं वाटलं. जिव्याचा पाय हलायला लागला.

त्याचंही काही चुकत नव्हतं. या डोंगरात लावणीला कुणी मजूर लावत नाही. आज सगळ्यांनी लक्ष्याच्या वावरात वाकायचं, उद्या सगळ्यांनी जिव्याच्या. ही सावड. लिहून कुणी ठेवत नाही, पण दिवस घेऊन ज्याने फिरवला नाही, त्याच्या दारात माणूस पाणी प्यायलाही थांबत नाही. आणि इथे तर येशूने दिवस दिलेला, तोही कसला! तो घेऊन नुसता हात जोडून बसायचं? जिव्याच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं.

मग त्याने फेडायला सुरुवात केली. झोपडी सारवली. तिचं कुंपण घातलं, उपटलं, पुन्हा सरळ घातलं. आशालताबाईंसाठी इतकं पाणी भरलं, की त्यांच्याकडे भांडी उरली नाहीत आणि परसातली कोथिंबीर सडली. त्यांनी नवऱ्याला विनवलं, की या माणसाला काहीतरी सांगा. पास्तरांनी जिव्याला बसवून समजावलं. हे दान आहे, याची परतफेड नसते, ती मागतो कोण? जिव्याने अगदी मनापासून मान हलवली आणि उठून त्यांची लाकडं फोडायला गेला.

नदीच्या डोहात बाप्तिस्मा व्हायचा. चैतीने घेऊन टाकला. ती एकदा ठरवलं की पुन्हा पुन्हा विचार करत नसे. जिव्याची पाळी आली की मात्र तो काठावरून मागे फिरायचा. अजून फिटलं नाय, म्हणायचा. बाकी ठेवून पाण्यात कसा उतरू? रात्री कूस बदलत राहायचा. आपण मेलो आणि तिथे दारात येशूने विचारलं, माझा दिवस कुठंय रं जिव्या, तर काय सांगायचं, हा त्याला घोर.

त्या वर्षी लावणी आली तशी त्याने कमालच केली. गावातल्या एकाही वावरात तो उतरला नाही. पास्तरांचा तुकडा लावला, बांध घातले, मग झोपडीच्या छपराला हात घातला. मेहुणा लक्ष्या दोनदा बोलवायला आला. दुसऱ्यांदा जाताना विचारून गेला, की उद्या तुझ्या चिखलात वाकायला तुझा देव येणार आहे का. घरचं रोप वाढून पिवळं पडत चाललं होतं. आता लावलं नाही, तर वर्षभर चुलीवर काय चढणार, हा प्रश्न होता. चैतीने भाकरी थापता थापता विचारलं, "येशूचं वावर हिरवं झालं. आपलं कधी?"

"छपराची एक बाजू राहिलीय," जिव्या म्हणाला.

त्याच बाजूवरून तो दुसऱ्या दिवशी खाली आला. घोटा सुजून भोपळा झाला. पास्तरांनी आणि आशालताबाईंनी त्याला धरून घरी आणलं आणि ओट्यावर टेकवलं. ज्या माणसाला बसणं ठाऊक नव्हतं, त्याला आता बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

समोर वावर. चैती एकटीच रोप उपटून चिखलात उतरली. जिव्या ओट्यावरून बघत होता आणि धड असलेला पाय हलवत होता. कुणाला हाक मारणार? गावात त्याचा एकही दिवस कुणाकडे येणं नव्हता. सगळ्या वाटा त्याने स्वतःच्या हाताने बुजवल्या होत्या.

तेवढ्यात बांधावरून सकू आजी आली. एकटी बाई, गावात तिच्या नावाचं ढेकूळही नाही. तिने लुगडं खोचलं आणि चैतीच्या शेजारी वाकली. मग शेजारची रुपी आली. मग लक्ष्या, त्याच्या मागून पाच-सहा जण. पास्तरही विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि पहिल्याच पावलाला बसले. गावाने इतका मनापासून हसायचा मोका बऱ्याच दिवसांनी साधला.

जिव्या ओट्यावरून ओरडत राहिला, की नका लावू, माझ्याच्यानं फिरवणं होणार नाय. कुणी वर बघितलंही नाही.

जेवायला सगळे ओट्यावर आले. नागलीची भाकरी, सुकटीची चटणी. जिव्याच्या हातातली भाकरी तशीच. त्याने लक्ष्याला विचारलं, तुझा दिवस कधी फिरवू? लक्ष्या म्हणाला, तुझा पाय जागेवर येईपर्यंत लावण्या उरकतील, तेव्हा तू आता फक्त बसायचं काम कर, ते तुला जमलं तर बघायला मी फुकट येईन. सगळे हसले. मग जिव्या सकूकडे वळला.

"आजी, तुझा दिवस कुठं फेडू? तुला तर वावरच नाय."

"नाय ना," सकू म्हणाली. "मंग नको फेडू. जेव गुमान."

जिव्याने पास्तरांकडे पाहिलं. पास्तर चिखलाने माखलेले, भाकरी मोडत होते. बोलायची त्यांना चांगली संधी होती. ती त्यांनी घालवली. मग जिव्या हळूच म्हणाला, "येशूलाबी वावर नव्हतं."

"नव्हतं," पास्तर म्हणाले.

जिव्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. रडत होता की चटणी तिखट होती, ते चैतीनेही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी लक्ष्याच्या खांद्यावर हात टाकून तो डोहावर गेला. लक्ष्याने आधीच बजावलं होतं, मी काठापर्यंत, आत तुझा तू. जिव्या लंगडत आत उतरला, डोक्यापर्यंत पाण्यात गेला आणि वर आला. रिकाम्या हाताने गेला आणि रिकाम्या हाताने आला. नाकातोंडात पाणी गेलेलं असताना पहिलं वाक्य मात्र छपराच्या राहिलेल्या बाजूबद्दलच होतं.

पाय बरा झाल्यावर तो पुन्हा हलायला लागला, हे सांगायला नको. आता तो मोळी घेऊन सकूच्या दाराशी टाकतो. एकदा पास्तरांनी वाटेत गाठून काळजीने विचारलं, की जिव्या, ही फेड तर नाही ना?

"छे," जिव्या म्हणाला, "जाताजाता टाकली. वाटेतच घर आहे."

सकूचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर आहे. त्याच्या पुढे वाट जात नाही.